दातात चाबूक नव्हता

घाबरू नका मित्रांनो, जवळ या. मी एक जुना चाबूक आहे आणि आता माझ्याने कुणाला मारवत नाही. माझी मूठ तडकली आहे, वेणीचे दोन पदर सुटले आहेत, चांदीचं कडं काळं पडलं आहे. शाळेच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी मी पडून असतो. खडूचा वास अंगात मुरला आहे. पण म्हणून मी तुम्हाला गोड गोष्ट सांगेन असं समजू नका. माझा जन्म मारण्यासाठीच झाला, आणि जे केलं ते लपवून आत्मकथा सांगायची म्हणजे नुसती भिंत रंगवायची.

एका शरदात, आमच्या या घोडेस्वारांच्या देशात, डोंगरपायथ्याच्या गावात एक काळा बैल कापला, त्याच्या पाठीचं मी कातडं. आंबट ताकात आणि मिठात मला पंधरा दिवस बुडवलं. मग दगडावर आपटलं, ताणलं, पुन्हा आपटलं. म्हाताऱ्या कारागिराने सुरीने माझ्या लांब वाद्या काढल्या आणि आठ पदरांची वेणी घातली. प्रत्येक पदर ओढताना तो दात-ओठ खाई. लाल सालीच्या डोंगरी झुडपाची मूठ बसवली. शेवटी टोकाच्या पदरांत त्याने बोराएवढी शिशाची गोळी गुंफली.

"ही लांडग्यासाठी हं, बायझाक," तो माझ्या मालकाला म्हणाला. "दुसऱ्या कशासाठी नाही."

"दुसरं कोण आहे माझ्या तोडीचं?" बायझाक हसला.

तो खरंच तोडीस तोड मिळू नये असा स्वार होता. पहिल्याच हिवाळ्यात एका लांडग्यामागे त्याने बर्फातून घोडा काढला. लांडग्याची जीभ बाहेर पडली, पाय रुतू लागले, आणि बायझाकने खोगिरातून वाकून मला त्याच्या नाकाडावर उतरवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हाड फुटल्याचा आवाज माझ्या टोकातून मुठीपर्यंत आला. बर्फ तांबडा झाला. गावाने बायझाकला खांद्यावर घेतलं आणि मला चांदीचं कडं मिळालं.

तेव्हापासून माझी जागा दाराशेजारच्या खिळ्यावर. मला कुणी ओलांडत नसे, जमिनीवर पडू देत नसे. बायझाकची मुलगी तोरगिन रांगत यायची, भिंतीला धरून उभी राहायची आणि बोटाने माझे पदर मोजायची. आठापर्यंतचे आकडे ती माझ्या अंगावर शिकली मित्रांनो. तो मऊ, दुधाचा वास असलेला हात मला अजून आठवतो. त्याच खिळ्यावरून बायझाक मला काढायचा आणि तिच्या आईच्या पाठीवर ओढायचा, तेही आठवतं. चहा गार झाला म्हणून. घोड्याला उशिरा पाणी दाखवलं म्हणून. मग मला परत खिळ्यावर लावायचा, आणि आलेले पाहुणे म्हणायचे, "काय देखणा चाबूक आहे!"

तोरगिन बारा वर्षांची झाली तेव्हा शाळेत झिलिखाबाई आल्या. हडकुळ्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांची एक सवय होती. निबंध आधी कच्च्या वहीत लिहायचा आणि बाई समासात शिसपेन्सिलीने फक्त प्रश्न लिहायच्या. चूक नाही, बरोबर नाही, नुसता प्रश्न. उत्तर सापडलं की पुन्हा लिहायचं. बाईंचे प्रश्न संपले की मगच पक्की वही. एकदा वर्गाने जुन्या वीराची कथा वाचली. त्याने एकट्याने चाळीस शत्रू कापले होते. वाचून काय वाटलं ते लिहा, असं बाई म्हणाल्या. सगळ्यांनी वीराचं बळ वर्णिलं. तोरगिनने एकच ओळ लिहिली : "चाळीस जणांच्या आया त्या दिवशी काय करत होत्या?" मुलं फिदीफिदी हसली. बाईंनी ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली.

आता ज्या दिवसासाठी मी बोलायला बसलो तो दिवस सांगतो.

रविवार होता. वरच्या वस्तीचा आणि खालच्या वस्तीचा कोकपार होता. मुंडकं उडवलेला बोकड मैदानात टाकतात, दोन्हीकडचे स्वार त्यावर तुटून पडतात आणि जो बोकड ओढून आपल्या बाजूच्या खळ्यात नेऊन टाकेल तो जिंकला. घोड्यावर घोडा चढतो, गुडघे चिरडतात, दात पडतात, आणि लोक आनंदाने ओरडतात. बोकड ओढायला दोन्ही हात लागतात, म्हणून स्वार चाबूक दातात धरतो. माझ्या मुठीवर बायझाकच्या दातांचे खड्डे आहेत, बघा हवं तर.

बायझाक त्या वर्षी पंचेचाळिशीचा होता. समोर खालच्या वस्तीचा आयबार, वय वर्षं एकोणीस, मिसरूड फुटलेलं. तीनदा बायझाकच्या मांडीखालून त्याने बोकड ओढून नेला. चौथ्यांदा दोघं भिडले. चाळीस घोड्यांची झुंबड, आकाश दिसेना एवढी धूळ. आयबारने बोकड हिसकला आणि जाता जाता हसून म्हणाला, "काका, आता घरी बसा. घोडीचं दूध प्या आणि नातवंडं खेळवा!"

बायझाकने मला दातातून काढलं.

मी लांडग्यासाठी होतो मित्रांनो. पण चाबकाला मान वळवता येत नाही. शिशाची गोळी आयबारच्या कानशिलावर बसली. तसाच आवाज आला, त्या बर्फातल्यासारखा. पोरगा बाजूला कलला, रिकिबीत पाय अडकला आणि घोड्याने त्याला पन्नास पावलं फरफटत नेलं. धूळ बसली तेव्हा सगळे त्याच्याकडे धावले. आयबार मेला होता. बायझाकने मला बुटात खुपसलं होतं.

"झानुझाकने घोडा अंगावर घातला!" तोच सगळ्यात आधी ओरडला. "मी डोळ्यांनी पाहिलं! कुरणाचं भांडण काढलं त्याने!"

झानुझाक खालच्या वस्तीशेजारी राहणारा मेंढपाळ, झुंबडीत सगळ्यात जवळ होता. कुरणावरून त्याचं आणि आयबारच्या घराचं वाजलेलं होतं, हे गावाला ठाऊक होतं. त्याने घोडा मागे ओढायच्या आत आयबारच्या भावांनी त्याला खाली खेचलं. लाथांनी चार बरगड्या मोडल्या. सोमवारी त्याचं गवत पेटवलं, त्याच्या कुत्र्याला कुऱ्हाडीने तोडलं. शनिवारी आयबारच्या सातव्या दिवसाच्या जेवणाला म्हातारे बसतील आणि झानुझाकला बायकापोरांसकट गावातून हाकलायचं की कसं ते ठरवतील, असं ठरलं. झानुझाकची मुलगी उल्मेकेन वर्गात तोरगिनच्या बाकावर बसायची. सोमवारपासून ती अर्धी जागा रिकामी होती.

आणि आयबारची आई दारात बसून रडगाणं म्हणत होती. आमच्याकडे बायका दुःख गाऊनच सांगतात. पिठाच्या पेटीमागे, जिथे बायझाकने मला ओढ्यावर धुऊन दडवलं होतं, तिथवर तो आवाज यायचा :

*घोडा आला दारी बाई, पाठ त्याची मोकळी*
*रिकिबीत लोंबे माझ्या सोन्याची गं साखळी*
*कानशिलाची जखम त्याच्या कुणी झाकू नका गं*
*तिला ठावं नाव आहे, तिला रोखू नका गं*

मंगळवारी झिलिखाबाईंनी वर्गाला निबंध दिला : घरातली एक वस्तू बोलू लागली तर. "पण वस्तू समोर ठेवून लिहायचं," त्या म्हणाल्या. "मनातून नाही. मनातून लिहिलं की सगळ्यांच्या किटल्या सारख्याच बोलतात."

"बाई, अंडं आणलं तर चालेल?" एकाने विचारलं.

"चालेल. पण निबंध पुरा होईपर्यंत खायचं नाही."

तोरगिन घरी आली, तिने खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा. रविवारपासून रिकामा होता आणि घरात कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. ती शोधत शोधत पेटीमागे आली. मला उचललं तेव्हा तिची बोटं थंड होती. तिने माझं टोक नाकाशी नेलं. मला धुतलं होतं, पण वेणीच्या आतलं धुतलं जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या बाकावर होतो. तिने लिहिलं, "मी बायझाकचा चाबूक आहे. माझं कडं चांदीचं आहे. मी लांडगा मारला. सगळे माझं कौतुक करतात." बाईंनी समासात लिहिलं, "हे भिंतीवरून दिसतं. खिळ्यावरून खाली उतरल्यावर चाबकाला काय दिसतं?"

तोरगिनने पेन्सिल चावून चावून भुसा केला. गुरुवारी पुन्हा लिहिलं. कोकपार लिहिला, धूळ लिहिली, घोड्यांच्या तोंडचा फेस लिहिला. ती त्या दिवशी ट्रकच्या टपावर, धुळीच्या वर उभी होती आणि सगळं मैदान बोकडाकडे पाहत असताना ती बापाच्या तोंडाकडे पाहत होती, त्याला लागू नये म्हणून. शेवटची ओळ अशी होती : "चौथ्या झुंबडीत कोकेच्या दातात चाबूक नव्हता." कोके म्हणजे बाबा, आमच्याकडे मुलं तसंच म्हणतात.

 बाईंनी समासात फार बारीक अक्षरात दोन शब्द लिहिले : "मग कुठे?"

त्या संध्याकाळी घरात बायझाक पिठाची पेटी उलटीपालटी करत होता. "इथली वस्तू कुणी हलवली?"

"कुठली वस्तू?" तिची आई म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

"उलट विचारतेस?" चाबूक नव्हता, मग त्याने लगाम घेतला. लगामाची कडी तिच्या गालाला लागली, रक्त पिठात पडलं. तोरगिन दप्तर पोटाशी धरून कोपऱ्यात उभी होती आणि मी त्या दप्तरात होतो. एका हाकेने मार थांबला असता. ती हाक तिने मारली नाही, दप्तर आणखी घट्ट धरलं. 

आईच्या गालावर फडकं बांधून झाल्यावर ती अंगणात जाऊन बसली आणि उजेड होता तोवर लिहीत राहिली. शुक्रवारी बाईंनी ते वाचलं. या वेळी समास कोराच राहिला.

"हा निबंध मी तपासू शकत नाही, तोरगिन," त्या म्हणाल्या. मोठा आवाज कुठेतरी गेला होता. "यात मला विचारायचं काही राहिलं नाही."

"मग पक्क्या वहीत उतरवू?"

"ते तुझं तू ठरव. पण एक सांगते. उतरवलंस की ते माझं राहणार नाही, तुझंही राहणार नाही. ते ज्यांचं आहे त्यांचं होईल."

तिने उतरवलं. एकही खाडाखोड नाही.

शनिवारी दुपारी आयबारच्या अंगणात सतरंज्या पसरल्या होत्या. म्हातारे गोल बसले होते. एका बाजूला बायझाक, कडक टोपी घालून. दुसऱ्या बाजूला घोंगडीवर टाकलेला झानुझाक, श्वास घेताना कण्हणारा. त्याची बायको आणि उल्मेकेन कुंपणाबाहेर गाठोड्यांवर बसल्या होत्या, जणू निकाल झालाच होता. चहा द्यायला गावातल्या मुली आल्या होत्या, त्यांत तोरगिन.

"अगं, ते दप्तर ठेव की खाली," एक मावशी खेकसली. "चहा काय वहीतून वाढणार आहेस?"

तिने ठेवलं नाही. सगळ्यात थोर ओस्पान आजोबांपुढे ती पेला घेऊन वाकली. तिला त्यांच्या कानात काहीतरी सांगायचं असावं, कारण ओठ हलत होते. पण वाकताना दप्तराचा पट्टा खांद्यावरून घसरला, झाकण उघडलं आणि मी म्हाताऱ्यांच्या बरोबर मधोमध जाऊन पडलो.

जवळचे दोघे म्हातारे मागे सरकले.

मित्रांनो, दुसऱ्या कुठल्या देशात एखाद्या पोरीच्या दप्तरातून चाबूक पडला असता तर लोक हसले असते. इथे कुणी हसलं नाही. आमचा जुना रिवाज आहे : न्यायाला बसलेल्या म्हाताऱ्यांच्या मध्ये जो चाबूक टाकतो, त्याला बोलायचं असतं. तो बोलेपर्यंत चाबूक कुणी उचलायचा नाही आणि न्याय जो होईल तो टाकणाऱ्याने मानायचा. वीस वर्षांत गावात असा चाबूक कुणी टाकला नव्हता.

ओस्पान आजोबांना जेमतेम उजेड-अंधार कळायचा. "कुणाचा चाबूक?" त्यांनी विचारलं.

"बायझाकचा," कुणीतरी म्हणालं.

"मग बोल, बायझाक."

"मी कुठे टाकला?" बायझाकचा चेहरा राखेसारखा झाला. "पोरीच्या पिशवीतून पडला. खेळायला घेतला असेल. कार्टी, उचल तो आणि घरी चल!"

"थांब. ज्याच्या हातून पडला त्याने बोलायचं."

"आजोबा, बारा वर्षांची पोर आहे ती!"

"टाकलेल्या चाबकाला वय कळत नाही. बोल बाळा."

"मला बोलता येत नाही," तोरगिन म्हणाली. "वाचता येतं."

एकजण हसला, मग थांबला. तिने पक्की वही काढली. मी धुळीत पडून माझंच बोलणं ऐकलं मित्रांनो.

"मी लांडग्यासाठी बनलो," ती वाचत होती. "चौथ्या झुंबडीत मी कोकेच्या दातात नव्हतो. मी हातात होतो. हात वर गेला. समोर बोकड नव्हता, घोडा नव्हता, आयबारचं कानशील होतं. तो हसत होता. माझं टोक लागल्यावरही त्याचे ओठ थोडा वेळ हसतच राहिले, कारण त्यांना अजून कळलं नव्हतं. झानुझाककाकांचा घोडा तीन हात लांब होता..."

पुढचं वाचता आलं नाही. बायझाकने झेप घेतली, मला उचललं आणि ओढलं. तिने डोळ्यांवर हात आडवा धरला. मी तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत उतरलो, आणि शिसं मनगटाच्या हाडावर बसलं. वही उडाली. ती ओरडली नाही. ज्या बोटांनी ती आठापर्यंत मोजायला शिकली ती बोटं वाकडी होऊन लोंबू लागली.

दोघातिघांनी बायझाकला धरलं. ओस्पान आजोबा गुडघ्यांवर पुढे सरकले. "हात दे बाळा. दुखेल." त्यांनी तिच्या हातावर उठलेल्या वळावरून बोट फिरवलं. वेणीचे पदर तिथे जसेच्या तसे उमटले होते आणि शेवटी तो गोल, खोल ठसा. बोट त्या ठशाशी येऊन थांबलं.

"आयबारला शेवटची अंघोळ मी घातली," ते म्हणाले. "डोळे नसलेल्याला हातांनीच निरोप द्यावा लागतो. त्याच्या कानशिलावर हीच वेणी होती. ही अशीच. मी समजलो, लगामाचा वळ असेल. चुकलो मी."

आयबारच्या भावांच्या हातांत सुऱ्या आल्या होत्या.

"खाली बसा!" म्हाताऱ्याचा आवाज एवढा मोठा असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "रविवारी ऐकल्याबरोबर उठलात, चार बरगड्या मोडल्यात. भलत्याच्या! आज बसून ऐका. चाबूक पडला आहे, रक्त नाही सांडायचं."

दाराच्या उंबऱ्यावरून आयबारची आई उठली. लोकांना वाटलं, ती बायझाकवर धावेल. ती तोरगिनपाशी आली, डोक्याचा पांढरा रुमाल सोडला, आणि तिचा मोडका हात गळ्यात बांधून दिला.

बायझाकला जिल्ह्याच्या पोलिसांनी नेलं. झानुझाकचं गवत आयबारच्या भावांनी पुढच्या उन्हाळ्यात स्वतः कापून दिलं, पण त्याच्याशी डोळे भिडवायला त्यांना दोन वर्षं लागली. सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. वरच्या वस्तीतल्या बायका तोरगिनच्या आईला विहिरीवर आधी पाणी भरू देत नसत. "बापाचा घास घेतला पोरीने," असं तोंडावर म्हणत. आणि तोरगिन बापाच्या खोगिराशेजारी बसून रडायची. ज्याने मारलं तोच तिला लहानपणी घोड्यावर पुढे बसवून डोंगर दाखवायचा, आणि ते खोटं नव्हतं. कोण आवडतं आणि कोण चुकलं हे दोन वेगळे निबंध असतात, ते एकाच वहीत लिहावे लागतात.

ओस्पान आजोबांनी माझ्या टोकातलं शिसं सुरीने काढून नदीत टाकलं आणि मला शाळेत दिलं. "याला घरात जागा नको," ते बाईंना म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा खिळा असेल. त्यावर चाबूक असेल, पट्टा असेल, नुसता एखादा शब्द असेल. त्याचं चांदीचं कडं बघून भुलू नका. आणि तुमच्या वर्गात कुणी वस्तूच्या तोंडून निबंध लिहिला तर तो अलंकारासाठी लिहिलाय असं धरून चालू नका. कधी कधी मुलांना स्वतःच्या तोंडाने बोलायची सोय नसते, म्हणून ती आमचं तोंड मागून घेतात. ते नीट वाचा. समासात प्रश्न विचारा. आणि उत्तर आलं तर पळू नका.

वसंतात तोरगिनच्या हाताचं हाड जुळलं, जरा वाकडंच. ती कपाटापाशी आली, मला काढून बाकावर ठेवलं आणि नवी वही उघडली. "मी एक चाबूक आहे," तिने लिहिलं. थांबली. ती ओळ खोडली. मग मला उचलून परत कपाटात ठेवलं, दार लावलं, आणि फटीतून मला दिसलं तेवढं सांगतो : वाकड्या हाताने, मोठ्या अक्षरात तिने लिहिलं, "मी तोरगिन. मी पाहिलं."